शिलालेखापासून टिपणवहीपर्यंत

राजस्थानातील भरतपूर शहराला लागूनच सुमारे २९ चौरस किलोमीटर विस्ताराचा एक पाणथळ प्रदेश आहे. त्याच्या मध्यभागी केवलादेव नावाचे शंकराचे देवालय असून, त्या देवावरून व भोवतीच्या दाट झाडीवरून या स्थळास ‘केवलादेव घना’ असे नाव पडले. देवळापासून जवळच काही दगडी शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर अक्षरे कोरलेली आहेत. शिलालेख म्हटला म्हणजे एखाद्या राजाचे दान, एखादा विजय किंवा मंदिराचा जीर्णोद्धार यांची वार्ता त्यात असावी, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. या शिळांवर मात्र तारखा आहेत, सन्माननीय पाहुण्यांची नावे आहेत, बंदुकांची संख्या आहे आणि शेवटच्या रकान्यात मारलेल्या पक्ष्यांचा आकडा आहे. त्यांतील सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसाचा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या त्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले.

योगायोग असा की, त्याच दिवशी डॉ. सालिम अली यांच्या वयाला ४२ वर्षे पूर्ण झाली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला होता. आज ही तारीख देशभर पक्षिदिन म्हणून पाळली जाते. ज्या दिवशी भरतपूरच्या पाण्यावर चार हजारांहून अधिक पक्ष्यांचा संहार झाला, त्याच दिवशी आता शाळकरी मुले दुर्बीण घेऊन तळ्यांच्या काठी जातात. हे स्थित्यंतर घडले कसे, हा प्रश्न केवळ पक्षिप्रेमी मंडळींच्या कुतूहलाचा नाही. एका समाजाची निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी कोणत्या मार्गाने पालटते, याचाच तो इतिहास आहे.

भरतपूर हे नाव मराठी मनाला परके नाही. १७६१ साली पानिपतच्या रणभूमीवरून जखमी व उपाशी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना अन्नवस्त्र व आश्रय देणारा जाट राजा सूरजमल तो येथलाच. गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पुरापासून बचाव व्हावा म्हणून अजान नावाचा बांध त्याच्याच कारकिर्दीत घातला गेला, असे मानतात. सखल जमिनीत पावसाचे पाणी साठू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानच्या कारभाऱ्यांनी लहान लहान बांध, पाट व दारे यांची योजना करून या पाण्याला शिस्त लावली. हेतू एकच होता : हिवाळ्यात बदके भरपूर यावीत आणि शिकार चांगली व्हावी. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्यासाठी पहिली मोठी शिकार झाली. म्हणजे हे ‘पक्षितीर्थ’ नैसर्गिकही नव्हे आणि भूतदयेतून निर्माण झालेलेही नव्हे. ते माणसाने बांधले, तेही बंदुकीसाठी. इतिहासाची अशी वळणे पुष्कळदा चकित करतात.

पक्ष्यांना अर्थातच या हेतूची वार्ता नव्हती. उत्तर आशियातील सरोवरे गोठू लागली की तेथील पाणपक्षी दक्षिणेकडे निघतात. पट्टकादंब हा हंसाच्या कुळातील पक्षी तर हिमालयाची उत्तुंग रांग ओलांडून येतो. कवींच्या विरहकल्पनेमुळे अमर झालेला चक्रवाक, चपट्या रुंद चोचीने चिखल गाळून खाणारा थापट्या, लांब टोकदार शेपटीचा तलवार बदक आणि काळ्या अंगावर पांढरा टिळा मिरविणारा, म्हणूनच महाराष्ट्राने ज्याला प्रेमाने वारकरी म्हटले तो पक्षी, असे नानाविध थवे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास येथील पाण्यावर उतरतात आणि फाल्गुन सरता सरता परत फिरतात.

या पाहुण्यांची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे प्रथम बंदुकीच्या सोबतीनेच वाढली, हे मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या व पक्ष्यांची ओळख पटविणारी सचित्र पुस्तकेही नव्हती. पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची जात निश्चित होत नसे. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सनदी अधिकारी आपल्या काळातील भारतीय पक्षिशास्त्राचे अग्रणी होते. त्यांनी हजारो पक्ष्यांची कातडी व अंडी जमविली, १८७२ पासून या विषयाला वाहिलेले नियतकालिक चालविले आणि पक्ष्यांवर विस्तृत ग्रंथ लिहावयाचा संकल्प केला. परंतु सिमल्यातील त्यांच्या घरातून त्या ग्रंथाची हस्तलिखिते कोणी चोरून रद्दीच्या भावाने विकली. वर्षानुवर्षांची टिपणे अशी नाहीशी झाल्यावर त्यांनी आपला सारा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. टिपण हे किती मोलाचे आणि किती नाशवंत असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एका माणसाच्या घरात साठलेले ज्ञान त्याच्याबरोबर संपू नये, यासाठी संस्था लागते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे हिंदी होते, आणि दोघेही मुंबईच्या मराठी समाजातील नामांकित वैद्यकतज्ज्ञ होते. याच संस्थेच्या दारात १९०८ साली एक बारा वर्षांचा मुलगा आपण छर्‍याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन आला. ही कोणत्या जातीची, एवढेच त्याला विचारावयाचे होते. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनी त्याला चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटातील पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखविला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. बंदुकीने मारलेल्या पक्ष्यापासून पक्ष्याच्या जीवनाकडे जाणारा रस्ता एका बालकाच्या आयुष्यात असा सुरू झाला.

त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत असेच एक वळण येऊन गेले होते. नाताळच्या दिवशी टोळ्या करून रानात जावे, दिसेल तो पशुपक्षी मारावा आणि कोणाचा ढीग मोठा ते पाहावे, अशी तेथे रूढी होती. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने सुचविले की, त्या दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजावेत. त्या नाताळात २५ ठिकाणी २७ माणसे बाहेर पडली व त्यांनी सुमारे ९० जातींची नोंद केली. चढाओढीची हौस तीच, थंडीतील भटकंती तीच, सायंकाळी आकडे जुळविण्याचा आनंदही तोच. फक्त हातातील साधन बदलले. ही प्रथा सव्वाशे वर्षांनंतरही अखंड चालू आहे.

भरतपूरला हे वळण यावयास बराच काळ लागला. स्वातंत्र्यानंतर आसपासच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की, राजाच्या करमणुकीसाठी अडविलेले पाणी शेतीला द्यावे व ही जमीन लागवडीसाठी मोकळी करावी. मागणी अन्यायाची म्हणता येत नव्हती. सालिम अली यांनी पक्ष्यांची बाजू पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेली आणि अखेर १९५६ साली घना पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तथापि महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत कायम राहिला आणि शिळांवरील शेवटची शिकार १९६४ सालची आहे. म्हणजे कित्येक वर्षे या एकाच पाण्याच्या काठावर बंदूक व टिपणवही शेजारी शेजारी नांदत होत्या.

कारण याच काळात येथे दुसऱ्या प्रकारचे पारधीही आले होते. १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. जाळ्यात पकडलेल्या पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालावयाचे व त्याला सोडून द्यावयाचे, अशी ही पद्धत. कड्यावर मुंबईच्या संस्थेला कळविण्याची विनंती असे. हजारो मैलांवरील एखाद्या शिकाऱ्याला किंवा कोळ्याला ते कडे सापडे, तो पत्र धाडी, आणि नकाशावर एक रेषा उमटे. १९६० च्या सुमारास झफर फत्तेहल्ली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटेसे वार्तापत्र सुरू केले. कोणत्या गावच्या तळ्यावर, कोणत्या तारखेला, कोणता पक्षी दिसला, अशा साध्या वार्ता त्यात येत. शिक्षक, डाकसेवक, बँकेतील कारकून, चहामळ्यावरील व्यवस्थापक यांच्यासारख्यांनाही आपली नोंद देशाच्या ज्ञानात जमा होते, हा विश्वास अशा पत्रांमुळे उत्पन्न होतो.

१९८७ पासून दर वर्षी जानेवारी महिन्यात आशियातील पाणपक्ष्यांची गणती होऊ लागली, आणि हिवाळी मेळाव्यांना एक निश्चित प्रयोजन मिळाले. पहाटेच्या धुक्यात पाच-दहा जणांची तुकडी काठावर उभी राहते. एक जण दुर्बिणीतून पाहतो, दुसरा लिहितो. थवा मोठा असेल तर दहांचा किंवा शंभरांचा एक गट नजरेने ठरवून त्या मापाने सारा थवा मोजतात. ओरिसाच्या चिलिका सरोवरापासून गुजरातच्या नळ सरोवरापर्यंत हेच दृश्य दिसते. महाराष्ट्रात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे धरण विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीसाठी बांधले गेले. गाळाने भरत गेलेल्या त्या जलाशयाला आज ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात, आणि २०२० साली राज्यातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान त्यालाच मिळाला.

मोजणीमुळे आनंदाच्याच वार्ता हाती येतात असे मात्र नाही. जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने ज्या शुभ्र क्रौंचाचे चित्र रेखाटले, तो सायबेरियातील क्रौंच पश्चिम सायबेरियाच्या दलदलीतून दर हिवाळ्यात भरतपूरला येत असे. आईबाप व त्यांच्यामध्ये दालचिनी रंगाचे एकुलते एक पिल्लू, अशी ही कुटुंबे उथळ पाण्यात कंद उकरीत फिरत. १९६० नंतरच्या दशकात त्यांची संख्या सुमारे २०० होती. वहीतील आकडा पुढे वर्षागणिक खाली येत गेला. वाटेवरील अफगाणिस्तान व पाकिस्तान या देशांतील शिकार आणि आटत चाललेली पाणस्थळे ही त्याची मुख्य कारणे. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली, आणि त्यानंतर कोणीच आले नाही. भरतपूरने आपल्या कुंपणाच्या आत त्यांना पूर्ण अभय दिले होते. परंतु पक्ष्याची वाट अनेक देशांतून जाते, आणि अभय मात्र एकाच देशापुरते असते.

दुसरा धडा अधिक जवळचा व अधिक कटू आहे. घना राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात तेथे म्हशी चारण्यास बंदी करण्यात आली. पिढ्यान् पिढ्या तेथे गुरे नेणारे गावकरी संतापले, गोळीबार झाला आणि काहींचे प्राण गेले. गुरे ही पक्ष्यांना उपद्रवकारक, असे तेव्हा अनेक जाणत्यांचे मत होते. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून निराळे सत्य बाहेर आले. म्हशी बंद होताच पाण्यातील गवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि बदकांना उतरावयास जागा उरेना. म्हशी पक्ष्यांच्या वैरी नव्हत्या, त्यांच्या साहाय्यक होत्या. ही गोष्ट आधी मोजून पाहिली असती तर काही घरांतील कर्ते पुरुष वाचले असते. शास्त्राची थोरवी एवढीच की, त्याने स्वतःच्या पक्षाची चूक स्वतःच नोंदविली.

आज त्याच गावांतील व शहरांतील सायकलरिक्षा ओढणारे कित्येक जण पर्यटकांना पक्ष्यांची नावे सांगतात, आणि त्यांची नजर भल्याभल्या अभ्यासकांहून तीक्ष्ण असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला असून १७८ जातींच्या रक्षणास अग्रक्रम द्यावा, असे म्हटले आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर व सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधील आठवडा महाराष्ट्र शासन २०२० पासून पक्षिसप्ताह म्हणून साजरा करते. ह्यूमचे हस्तलिखित रद्दीत गेले. या नोंदी मात्र हजारो हातांत विखुरलेल्या असल्यामुळे सहसा नष्ट होणार नाहीत.

केवलादेवच्या त्या शिळा अद्याप उभ्या आहेत. त्या कोणी उखडून टाकल्या नाहीत, हे योग्यच झाले. दगडावरील ४,२७३ हा आकडा अभिमानाने कोरला गेला होता, आज तो खेदाने वाचला जातो. अक्षरे तीच आहेत, वाचणारा बदलला आहे. त्या शिळांपासून थोड्याच अंतरावर दर जानेवारीत गणतीची नवी वही उघडली जाते. सायबेरियाच्या क्रौंचाच्या नावापुढे तिच्यात आता शून्य लिहावे लागते, आणि तो शून्यही प्रामाणिकपणे लिहिला जातो.