वाफेवरचं पुडिंग आणि घरातला वेळ

पुडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इराण्याच्या हॉटेलातलं थंडगार, थरथरणारं कॅरॅमल कस्टर्ड येतं. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे ते याच्या अगदी उलट आहे: गरम, जड, दोन-तीन तास वाफेवर शिजणारं. ब्रिटिश घरांत त्याचं आज काय स्थान उरलंय, हा आपला विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाने स्वयंपाकघरात कशाला शिरावं, असं कुणी विचारेल. पण परंपरा म्हणजे नेमकं काय, हे मला या पदार्थाने बऱ्याच ग्रंथांपेक्षा नीट शिकवलं.

पुडिंग मुळात गोड नव्हतंच. मध्ययुगात ते म्हणजे आतड्यात भरलेलं सारण: रक्त, चरबी, धान्य. ब्लॅक पुडिंग हा त्याचाच आजचा वंशज. म्हणजे पुडिंग करायचं तर आधी जनावर कापलेलं हवं. सतराव्या शतकात एक साधी गोष्ट बदलली. आतड्याच्या जागी फडकं आलं. पीठ, मनुका आणि सूएट, म्हणजे बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी, हे सगळं पीठ भुरभुरलेल्या ओल्या फडक्यात बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. ज्या घरात भट्टी नाही, चुलीवर एकच हंडा आहे, तिथेही हे जमायचं. मिसाँ नावाच्या फ्रेंच प्रवाशाने 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात इंग्रजांच्या पुडिंगाची तोंडभरून स्तुती केली आहे. फ्रेंच माणसाने इंग्रजी जेवणाची स्तुती करणं, ही काही रोजची गोष्ट नव्हे!

हे पोट भरायचं अन्न होतं, हे विसरू नका. यॉर्कशायर पुडिंग रश्शाबरोबर मांसाच्या आधी वाढत, म्हणजे भूक थोडी मरे आणि महाग मांस सगळ्यांना पुरे. गोडवा वाढला तो साखर स्वस्त झाल्यावर. आणि ती साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेली होती. एकोणिसाव्या शतकात फडक्याची जागा चिनी मातीच्या वाडग्याने घेतली. कोळशाची शेगडी घर उबदार ठेवायला तशीही पेटलेली असे, तिच्यावर पुडिंगाचं पातेलं जवळजवळ फुकट उकळत राही.

आता गंमत बघा. ज्याला आपण 'आजीच्या हातचं' म्हणतो, त्यात कारखाना केव्हाच शिरला होता. आल्फ्रेड बर्डची कस्टर्ड पावडर 1837ची. अटोराचं तयार सूएट 1893चं. 1927 साली तर साम्राज्याचा माल खपवणाऱ्या सरकारी मंडळाने नाताळच्या पुडिंगाची एक खास कृती गाजवली: ऑस्ट्रेलियाच्या मनुका, झांझिबारच्या लवंगा, हिंदुस्थानचे मसाले. सगळ्यांत इंग्रज पदार्थ, आणि त्यातलं जेमतेम काही इंग्लंडचं!

मग हे पुडिंग रोजच्या ताटातून गेलं कधी? महायुद्धातलं रेशनिंग 1954 साली पूर्ण संपलं. पुढे कित्येक वर्षं शाळांच्या जेवणात जॅम रोली-पोली आणि स्पॉटेड डिक गरम कस्टर्डखाली येतच राहिली. पण घरात कोळशाची शेगडी विझली, गॅसचं बिल आलं, आणि बायका नोकरीला लागल्या.

इथे मला एक घरची गोष्ट सांगायची आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी संशोधनासाठी मी लीड्सला होतो. घरमालकीणबाई साठीच्या. दर रविवारी त्या पुडिंग लावायच्या. पातेल्याच्या तळाशी काचेची एक गोटी टाकायच्या. ती खुळखुळत असायची. आवाज बदलला की समजायचं, पाणी घालायला हवं. त्या वरच्या मजल्यावर असोत की अंगणात, तीन तास त्यांचा एक कान स्वयंपाकघरात असे. शाकाहारी म्हणून माझ्यासाठी त्या सूएटऐवजी लोणी घालून वेगळं लहान पुडिंग करत.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांच्या मुलीकडे जेवायला गेलो. तिने दुकानातलं पुडिंग मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. चार मिनिटं. माझा चेहरा पडला असावा. ती हसली आणि म्हणाली, "आई तीन तास त्या गोटीचा आवाज ऐकू शकत होती, कारण लग्न झालं म्हणून तिला बँकेतली नोकरी सोडावी लागली होती. तेव्हा नियमच तसा होता. तिला हिशेब फार आवडायचे हो."

मला ते माहीतच नव्हतं. दोन वर्षं मी त्या घरात जेवलो आणि एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून 'परंपरा लोपत चालली' अशी हळहळ करताना मी आता जरा थांबतो. आज घरोघरी क्रंबल होतं, कारण ते फळांवर पीठ-लोणी चुरून अर्ध्या-पाऊण तासात भट्टीतून निघतं. नाताळचं पुडिंग बहुतेक जण विकत आणतात. स्टिकी टॉफी पुडिंग 'जुनं' म्हणून खातात, पण ते लोकप्रिय झालं 1970च्या दशकात, लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका हॉटेलातून. ग्लॉस्टरशायरमध्ये 1985पासून एक पुडिंग क्लब आहे, म्हणजे घरातला पदार्थ जपायला हॉटेलात मंडळ काढावं लागलं. आणि 2022 साली राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तरीनिमित्त पुडिंगाची स्पर्धा झाली, ती जिंकली ट्रायफलने. थंड ट्रायफलने!

आतडं गेलं, फडकं आलं. फडकं गेलं, वाडगा आला. आता प्लास्टिकचा डबा आहे. यातलं खरं पारंपरिक कुठलं, याला उत्तर नाही. पण प्रत्येक वेळी कुणाचा तरी वेळ त्यात शिजत होता. तो वेळ त्या माणसाने आपणहून दिला होता की त्याच्याकडून घेतला होता, एवढं मात्र विचारता येतं. त्या मुलीने त्या दिवशी निघताना मला सांगितलं की नाताळच्या सुट्टीत ती आणि तिचा नवरा एक पुडिंग वाफेवर लावतात. आईची गोटी टाकून. आणि पाणी घालायला आळीपाळीने उठतात.