आगगाडीच्या जुन्या वाटा आणि सायकलस्वार



इंग्लंडच्या मध्यभागीं डर्बीशायर नांवाचा परगणा आहे. त्याच्या वायव्येकडे चुनखडीचें एक उंच व उघडें पठार पसरलेलें असून तें ‘पीक डिस्ट्रिक्ट’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ मुलखांत मोडतें. ‘पीक’ म्हणजे शिखर, असें आपण शाळेंत शिकलों. परंतु या पठारावर सुळक्यासारखें शिखर शोधूं गेल्यास निराशाच पदरीं येईल. दगडी गडग्यांनीं आंखलेलीं कुरणें, त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या आणि मधून मधून एखादी जुनी खाण, हेंच तेथील दृश्य. या पठारावरून क्रॉमफर्डपासून डाउलोपर्यंत १७ मैलांची एक खडीची वाट जाते. तिच्यावर मोटारीस मज्जाव आहे. पायीं चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार एवढ्यांचाच तेथें राबता. तिला ‘हाय पीक ट्रेल’ म्हणतात.

ही वाट सायकलीसाठीं बांधलेली नाहीं. ती बांधली गेली तेव्हां सायकल या वाहनाला आजचें रूपहि आलेलें नव्हतें. ही एका आगगाडीची वाट आहे, आणि ती आगगाडी एका कालव्याऐवजीं आलेली आहे. हा प्रकार कसा झाला तें सांगतों.

क्रॉमफर्ड हें गांव कापडधंद्याच्या इतिहासांत मोठें आहे. रिचर्ड आर्कराइट यानें १७७१ सालीं येथेंच पाण्याच्या जोरावर सूत कातणारी गिरणी उभारली. त्या नव्या यंत्रयुगाची झळ पुढें आपल्या देशांतील कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या घरापर्यंत कशी पोंचली, हें आपणांस ठाऊकच आहे. या गांवापर्यंत १७९४ सालीं कालवा आला. पठाराच्या पलीकडे, मँचेस्टरच्या बाजूस, व्हेली ब्रिज येथें दुसरा कालवा येऊन थांबला होता. या दोन कालव्यांची गांठ घालावी, म्हणजे माल थेट पलीकडे जाईल, असें व्यापाऱ्यांच्या मनांत फार होतें. पण चुनखडीचा खडक म्हणजे चाळण! त्यावर पाणी ठरत नाहीं. आणि कालव्याची नाव पायरीपायरीनें हजार फूट चढवावयाची तर पाणी आणावयाचें कोठून? तेव्हां जोसायस जेसप या इंजिनियरानें कालव्याचा नाद सोडून लोखंडी रुळांचा मार्ग सुचविला. हा क्रॉमफर्डच्या कालव्याचा इंजिनियर विल्यम जेसप याचा मुलगा. १८२५ सालीं पार्लमेंटनें मंजुरी दिली. पुढच्याच वर्षीं जेसप वारला. काम मात्र चालूं राहिलें, आणि १८३० व १८३१ अशा दोन टप्प्यांत ३३ मैलांचा हा लोहमार्ग खुला झाला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण आजच्या सायकलस्वाराचें सारें सुख तिच्यांत आहे. हा लोहमार्ग कालवेवाल्यांच्या डोक्यांतून उतरलेला होता. त्याच्या माल चढविण्या-उतरविण्याच्या ठिकाणांनाहि नदीकांठच्याप्रमाणें ‘धक्का’ म्हणण्याची चाल होती. कालवा मैलोगणती सपाट जातो आणि मग दरवाज्यांच्या एखाद्या रांगेंत एकदम उंची चढतो. तसेंच येथें केलें. डोंगराच्या कडेकडेनें भराव घालून व खडक फोडून मार्ग शक्य तितका सपाट नेला. त्यावर घोडे गाड्या ओढीत. उंचीचा सारा भार कांहीं थोड्या तीव्र उतरणींवर टाकला, आणि त्यांतील बहुतेक उतरणींच्या माथ्यावर वाफेचें स्थिर यंत्र बसवून साखळीनें गाड्या वर ओढल्या. म्हणून आज त्या पठारावर सायकल चालविणारास चढ-उतार फारसा भासत नाहीं. जे मोजके चढ आहेत, ते मात्र छाती फोडणारे आहेत.

ते किती खडे असावेत? आपल्या बोरघाटावरून तुलना करूं. बोरघाटाची आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली, तेव्हां तिची कमालीची चढण ३७ फुटांस १ फूट होती आणि तेवढ्यानेंहि जगभर तिचा बोलबाला झाला. मिडलटनची उतरण सुमारें ८ फुटांस १ फूट आहे! तेथें इंजिन स्वतःच्या चाकांवर चढणें शक्यच नव्हतें. माथ्यावरील यंत्र बटर्ली कंपनीनें १८२९ सालीं घडविलें आणि तें १९६३ पर्यंत गाड्या ओढीत होतें. म्हणजे एकशेंतीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागीं उभें राहून एकच काम! तें यंत्र व त्याचें दगडी घर आजहि तेथें जतन केलेलें आहे. पुढें हॉप्टन येथें १४ फुटांस १ फूट अशी चढण आहे. तिच्यावर मात्र १८७७ नंतर साखळीशिवाय, चालत्या इंजिनानेंच गाड्या नेऊं लागले. ड्रायव्हर दुरूनच वेग घेऊन चढावर धांव घेई, आणि तरीहि कधीं कधीं गाडीचे दोन भाग करून वर न्यावे लागत.

उतरणीवर अपघातहि होत. क्रॉमफर्डजवळच्या शीप पाश्चर उतरणीवर १८८८ सालीं दोन डबे सुटले, आणि वेगाच्या भरांत खालचा कालवा व त्याच्या शेजारची दुसऱ्या कंपनीची आगगाडीची वाट ओलांडून पलीकडे जाऊन पडले. त्यानंतर उतरणीच्या पायथ्याशीं सुटलेले डबे अडविण्यासाठीं एक खोल खड्डा खणण्यांत आला. अशा गाडीची दिशा बदलणारी वळणवाट आपल्या घाटांतहि आहे. संकट एकच, म्हणून उपायहि सारखाच.

या गाड्यांनीं चुनखडी, चुना, कोळसा वाहिला, आणि आणखी एक जिन्नस वाहिला, तो म्हणजे पाणी. ज्या पठारावर पाणी नाहीं म्हणून कालवा झाला नाहीं, त्याच पठारावरील शेतकऱ्यांना पुढें टांक्यांतून आगगाडीनें पाणी पोंचविलें जाई. इतिहासांत असे विनोद पुष्कळ सांपडतात.

आतां या मार्गाच्या शेवटाकडे वळूं. त्याचे शेवट दोन झाले, आणि दोहोंत फार अंतर आहे. १८९२ सालीं लॅडमनलोच्या उत्तरेकडचा, व्हेली ब्रिजकडील तुकडा नव्या मार्गामुळें निरुपयोगी ठरला व तो सोडून देण्यांत आला. त्या काळीं अशी ओसाड पट्टी लोकांना फिरावयास राखून ठेवावी, हा विचार कोणाच्या गांवींहि नव्हता. त्या तुकड्याचा कांहीं भाग पुढें फर्निलीच्या जलाशयाखालीं गेला, आणि एकेकाळचा सलग मार्ग तेथें तुटला तो तुटलाच. दक्षिणेकडील भाग मात्र १९६७ मध्यें बंद झाला, आणि मधल्या पाऊणशें वर्षांत लोकांची दृष्टि बदलली होती. १९३२ च्या एप्रिलमध्यें याच मुलखांतील किंडर स्काउट या डोंगरावर शेंकडों कामकरी तरुण जमीनदारांचा मनाई हुकूम मोडून चढले; त्यांतील पांच जणांना तुरुंगांत जावें लागलें. १९४९ सालीं पार्लमेंटनें राष्ट्रीय उद्यानांचा व मोकळ्या रानांत लोकांस वाट देण्याचा कायदा केला, आणि १९५१ मध्यें पीक डिस्ट्रिक्ट हें ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरलें. म्हणून १९६७ मध्यें रूळ उखडले गेले तेव्हां ती पट्टी विकत घेण्यास कोणीतरी होतें. १९७१ सालीं उद्यानाच्या मंडळानें व परगण्याच्या कौन्सिलानें ती घेऊन खडीची वाट केली. याच सुमारास शेजारची ॲशबोर्नची जुनी आगगाडीची वाटहि ‘टिसिंग्टन ट्रेल’ म्हणून खुली झाली. या १३ मैलांच्या वाटेची व हाय पीकची भेट पार्सली हे येथें होते, आणि तेथें सायकली भाड्यानें मिळतात.

लोहमार्गाची पट्टी ही फार नाजूक मिळकत आहे. कोठें घर उठलें, कोठें पूल पाडला, कोठें शेतकऱ्यानें बांध सरकवला, कीं पंधरा मैलांचे पांच निरुपयोगी तुकडे होतात; मग पैसा ओतूनहि ते सहज जुळत नाहींत. मॉन्सल डेलच्या वाटेचेंच पहा. ती आगगाडी १९६८ सालीं बंद झाली, वाट १९८१ मध्यें उघडली. पण मधल्या बोगद्यांचीं दारें बंद राहिल्यामुळें सायकलस्वारास सलग जातां येईना. ते बोगदे २०११ सालीं उघडले. याच मार्गावरील १८६३ च्या उंच पुलावर रस्किननें आगपाखड केली होती. त्याच्या मतें त्या पुलानें ती दरी विद्रूप झाली. आज लोक मुद्दाम तो पूल पाहावयास जातात!

तथापि या कौतुकांत एक बाजू झांकली जाऊं नये. टिसिंग्टनच्या आसपासच्या खेड्यांतील लोकांची प्रवासी गाडी १९५४ सालींच गेली. बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्या म्हातारीस खडीची वाट काय उपयोगी? शहरांतून मोटारीच्या टपावर सायकल बांधून येणारास जें सुख वाटतें, तें गाडी गमावलेल्या खेड्यानें दिलेलें आहे. माझ्या मतें गाडी राहिली असती तर अधिक बरें झालें असतें. ती राहिली नाहीं, तेव्हां वाट राहिली हेंच भाग्य.

डाउलोपाशीं हाय पीकची वाट अकस्मात् संपते, तें कां, असा प्रश्न कोणासहि पडेल. पुढें बक्स्टनच्या दिशेनें खाणीच्या दगडाच्या गाड्या अजून चालूं आहेत. दुसऱ्या टोंकास, शीप पाश्चरच्या पायथ्याशीं, सुटल्या डब्यांसाठीं खणलेल्या त्या खड्ड्यांत एका मोडक्या डब्याचे अवशेष पडलेले आहेत. सायकलस्वार उतरून ते पाहतात, आणि मग कालव्याच्या कांठानें क्रॉमफर्डला जातात.