कुलेतिहास व ग्रामेतिहास : ग्रंथालयांतील साधने

एखाद्या घराण्याचा किंवा गावाचा इतिहास ग्रंथालये, संशोधन मंडळे आणि पुरालेखागारे यांतल्या छापील व हस्तलिखित साधनांवरून जुळवण्याचा उद्योग. महाराष्ट्रात त्याला दोन वळणे आहेत. एक कुलवृत्तांताचे : एका आडनावाच्या मंडळींनी वर्गणी काढून, शाखाशाखांकडून माहिती मागवून छापलेली वंशावळ. दुसरे वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी लावलेले : गावोगाव हिंडून घरोघरची दप्तरे मिळवायची, वाचायची आणि जशीच्या तशी छापायची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. नवख्याने सुरुवात कुलवृत्तांतापासून करावी हे सोयीचे, पण त्यातली मूळ पुरुषाची गोष्ट कागद हाती येईपर्यंत गोष्टच समजावी.

छापील साधनांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचे जुने वाचनालय हा पहिला मुक्काम. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. अशा ठिकाणी कादंबऱ्यांच्या कपाटांमागे कुलवृत्तांत, शाळांच्या स्मरणिका, नगरपालिकांचे अहवाल आणि बंद पडलेल्या स्थानिक वृत्तपत्रांच्या बांधीव फायली असण्याचा संभव असतो. कोणते पुस्तक वा नियतकालिक कधी, कुठून निघाले हे शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीत आणि नियतकालिकांच्या सूचीत पाहावे. त्या न चाळता शोध सुरू करणे म्हणजे वेळ घालवणे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये (रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८०, साताऱ्याचा १८८५) बाजार, घाट, देवळे, जातवार वस्ती यांची तपशीलवार माहिती आहे. मात्र ती साहेबाला कारभारासाठी हवी होती, हे वाचताना विसरू नये.

हस्तलिखितांचा व्याप निराळा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांच्याकडे घराण्यांनी दिलेली दप्तरे आहेत. सरकारी कागद पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पेशवे दप्तरात. तेथील कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत बांधलेले असून रुमालांची संख्या सुमारे ३९ हजार सांगतात. त्यांत थेट हात घालण्याआधी गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेले निवडक पेशवे दप्तराचे ४५ खंड पाहावेत. गावाचे नुसते नाव सांगून भागत नाही. पिंपळगावे आणि वडगावे उदंड आहेत. जुना कागद गाव ओळखतो तो तर्फ, परगणा आणि प्रांत यांवरून.

यापुढची अडचण मोडीची आणि तारखांची. मोडी काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते, तारीख मात्र भल्याभल्यांना चकवते. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सन मृगाला, जूनच्या सुमारास बदलतो, म्हणून त्यात ५९९ मिळवावे, आणि १ जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६००. उत्तर येते १७६०–६१, पानिपतचे साल. हिशेब पक्का करण्यासाठी मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री उशाशी असावी. ग. ह. खरे यांचे ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तकही याच कामाचे.

घराण्याची खरी माहिती सापडते ती भांडणांत. जुन्या दप्तरांत सुखाने नांदलेले घर क्वचितच भेटते. पाटीलकीवरून, कुळकर्णावरून, शेताच्या बांधावरून वाद उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत : आजा कोण, पणजा कुठून आला, दुष्काळात कोण परागंदा झाला, वतन कोणाकडे गहाण पडले. मग गोतसभा बसे आणि महजर, म्हणजे सभेचा निवाडापत्र, होई. महजराच्या शेवटी हजर असलेल्यांच्या सह्या असतात आणि लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. बलुतेदारांच्या कुळांना आपला पूर्वज नावानिशी भेटतो तो पुष्कळदा अशाच कागदाच्या तळाशी, दुसऱ्याच्या भांडणाचा साक्षीदार म्हणून.

या कागदांत आजचे आडनाव शोधणाऱ्याची निराशा होते. ‘संताजी बिन मानाजी’, म्हणजे मानाजीचा मुलगा संताजी, एवढीच ओळख असते. बायकोच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव येते, आणि मुली बहुतेक वंशावळींतून गळालेल्या असतात. ज्याला वतन नव्हते, इनाम नव्हते, त्याचा कागदही झाला नाही, ही या साधनांची मोठी उणीव. अशा कुटुंबांनी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर आणि फेरफार यांकडे वळावे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्यातालुक्यांतून मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. मराठवाड्यातल्या संशोधकाला उर्दूही लागते, कारण निजामी अमलातले पुष्कळ महसुली कागद त्या भाषेत आहेत.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या ग्रंथालयात नसतात, तरी त्यांच्यावाचून ही नोंद अपुरी राहील. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे यात्रेकरूने स्वहस्ते लिहिलेली नामावळ गावच्या नावावरून काढून दाखवतात. तीत पिढ्यांचा क्रम बहुधा चोख असतो.

महाराष्ट्राबाहेर गोव्याचे पुरालेखागार महत्त्वाचे. तेथे पोर्तुगीज कागदांबरोबर गांवकऱ्यांचे, म्हणजे कोमुनिदादींचे दप्तर आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले दरबाराचे मोडी कागद आहेत; याच घराण्याचा इतिहास सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात मराठीत शिलालेखावर कोरून घेतला.

स्वतःच्या घरात जुने बासन निघाले तर त्याच्या गाठी घाईने सोडू नयेत. कागदांना सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते कोणत्या गावच्या, कोणाच्या वाड्यातून आले हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे, छायाचित्रे घ्यावीत, आणि सांभाळणे होत नसेल तर रद्दीत न घालता जवळच्या संशोधन मंडळाला देऊन रीतसर पोच घ्यावी.