टू हूम इट मे कन्सर्न

इंग्रजी पत्रव्यवहारातील एक रूढ आरंभवचन. ‘या मजकुराशी ज्या कोणाचा संबंध येईल त्यास’ असा त्याचा अर्थ असून, कागद कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते, किंवा एकच दाखला अनेक ठिकाणी दाखवावयाचा असतो, तेव्हा नावाच्या जागी ते योजतात. वर्तणुकीचा दाखला, नोकरीच्या अनुभवाचा दाखला, शिफारसपत्र, असे जे कागद धारकाबरोबर दारोदार फिरतात, ते त्याचे खरे क्षेत्र होय. भारतीय कचेऱ्यांत ‘हूम’ऐवजी ‘हूमसोएव्हर’ लिहिण्याचा प्रघात असून, तेथे ते मायन्यात न घालता कागदाच्या मध्यभागी ठळक अक्षरांत मथळ्यासारखे मांडतात.

भारतीय पारपत्रात राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तीही ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांनाच उद्देशून आहे. धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे व लागेल ते साहाय्य आणि संरक्षण द्यावे, हा मजकूर कोणत्या बंदरावरील कोणता अंमलदार वाचील हे दिल्लीस आधी कसे कळावे? मराठेशाहीतील सनदांत ‘देशाधिकारी व लेखक, वर्तमान व भावी’ यांस आज्ञा लिहिण्याची जी रीत होती तिचा हेतू याच जातीचा, किंबहुना अधिक दूरदर्शी: कामगार बदलला तरी इनामदाराचा हक्क अबाधित राहावा.

या वचनाचा सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग अब्राहम लिंकन यांनी केला. अमेरिकेतील यादवी ऐन भरात असता, दक्षिणेतील बंडखोर राज्यांचे प्रतिनिधी तहाच्या बोलण्यासाठी नायगारानजीक कॅनडाच्या हद्दीत आल्याचे वृत्तपत्रकार होरेस ग्रीली यांनी कळविल्यावरून, लिंकन यांनी १८ जुलै १८६४ रोजी याच शब्दांनी आरंभ करून असे लिहून दिले की, शांतता, संघराज्याची अखंडता आणि गुलामगिरीचा त्याग ज्यात मान्य असेल, असा अधिकृत प्रस्ताव आल्यास त्याचा विचार होईल. प्रतिनिधींची नावे व हुद्दे घातले असते तर त्यांच्या सरकारास मान्यता दिल्यासारखे झाले असते. ते या पाच शब्दांनी टळले, आणि अटी मात्र साऱ्या जगाला वाचता आल्या.

जेथे नाव चौकशीअंती कळण्याजोगे असते, उदाहरणार्थ नोकरीच्या अर्जात, तेथे मात्र हे वचन अनास्थेचे द्योतक ठरते. तेथे नाव लिहावे, ते न मिळाल्यास हुद्दा लिहावा, आणि हे वचन दाखल्यापुरतेच राखावे.