बुडी मारणारी बदके : अधिवास व शिकार

पाण्याच्या तळाशी जाऊन अन्न काढणाऱ्या बदकांचा गट. महाराष्ट्रात मोठी लालसरी, छोटी लालसरी आणि शेंडी बदक हे यातले प्रमुख हिवाळी पाहुणे. पाय बरेच मागे असल्याने ती पाण्याखाली सफाईने पोहतात, जमिनीवर मात्र डुलत चालतात. थापट्या किंवा चक्रांग ही बुडी न मारणारी बदके पाण्यावरून थेट वर झेपावतात. लालसरीला आधी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पाण्यावरच पाय मारीत धावावे लागते.

त्यांना संथ, मोकळे, दोन-तीन मीटर खोलीचे आणि तळाशी पाणवनस्पती असलेले पाणी लागते. लालसऱ्यांचा भर वनस्पतींवर, शेंडी बदकाचा शिंपल्या-गोगलगायींवर. छोटी लालसरी पुष्कळदा रात्री चरते आणि दिवसा काठापासून दूर, तलावाच्या मध्यावर झोप काढते. उजनी किंवा जायकवाडीसारखे जलाशय यांना मानवतात.

कोकण किनाऱ्यावर मात्र चित्र वेगळे. तिथे जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. खाडी ऐसपैस आहे, तरी या बदकांच्या फारशी कामाची नाही. भरती-ओहोटीमुळे पाण्याची पातळी दिवसातून दोनदा चढते-उतरते. खारट, गढूळ पाण्यात गोड्या पाण्याचे शेवाळ-गवत रुजत नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल तुतारी, चिखल्या या पक्ष्यांचा. राहिली जांभ्या सड्यावरची गोडी डबकी. ती पावसाळी, आणि पाहुणे येईपर्यंत बहुतेक आटलेली. त्यामुळे जेटीवरून बुडी मारताना दिसणारा काळा पक्षी बदक समजण्याआधी चोच पाहावी : टोकाला आकडी असेल तर तो पाणकावळा.

दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने केली. ती १८८० साली ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक ते हेच ह्यूम. त्या काळी पक्ष्याची खात्रीची नोंद बहुधा बंदुकीने पाडूनच होई.

शिकारी पहाटे व तिन्हीसांजेला बदकांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर दबा धरत, किंवा होड्यांनी थवा उठवून दडून बसलेल्या बंदूकवाल्यांवर घालत. लालसरीच्या धावेमुळे नेम धरायला क्षणभर जास्त मिळे. पण जखमी पक्षी बुडी मारून पाणगवतात दडे आणि हाती लागत नसे, म्हणून मारलेल्या पक्ष्यांची गणती नेहमी कमीच भरे. फासेपारध्यांसारखे पिढीजात शिकारी जाळी आणि फास वापरत. देशी पद्धतींतली सर्वांत चतुर अशी : डोक्यावर भोके पाडलेले मडके घालायचे, गळाभर पाण्यात सावकाश थव्यात शिरायचे आणि बदकाचे पाय पकडून खाली ओढायचे. आधी काही दिवस रिकामी मडकी तरंगत सोडून थव्याला त्यांची सवय लावलेली असे. संस्थानी शिकारीचा कळस भरतपूरला गाठला गेला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. परवान्याने शिकारीची वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. कायद्याच्या लेखी पकडणे, फास लावणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच, त्यामुळे मडकेवालाही सुटत नाही. छोटी लालसरी २०१५ पासून जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.