पांढऱ्या पेशींतले क जीवनसत्त्व

1930च्या दशकात रक्तद्रवातले क जीवनसत्त्व मोजता येऊ लागले. टिलमन्स या रसायनशास्त्रज्ञाचा निळा रंग हे जीवनसत्त्व भेटताच फिका पडतो. किती रंग उडाला त्यावरून प्रमाण काढत. पण हा आकडा कालच्या जेवणाबरोबर हलतो, शरीरातला साठा सांगत नाही. हे उघड केले बोस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाने, आणि तेही स्वतःवरच. 1939 पासून सहा महिने त्याने भाज्या-फळे वर्ज्य केली. 41 दिवसांत रक्तद्रवातले जीवनसत्त्व शून्यावर आले, तरी तब्येत ठीक होती. तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम केलेली जखमही नीट भरली. पांढऱ्या पेशींतला साठा मात्र सुमारे चार महिने पुरला. तो संपल्यावर स्कर्व्हीची लक्षणे दिसली, आणि सहाव्या महिन्यातली जखम भरेना.

तेव्हापासून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशींवरचा पांढऱ्या पेशींचा पांढुरका थर तपासणे हीच खरी कसोटी ठरली. काम किचकट: रक्त बरेच लागे, थरात प्लेटलेट मिसळत, आणि उशीर झाला तर जीवनसत्त्व हवेनेच नासे. पुढे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राने अचूकता आणली. 1996 मध्ये अमेरिकेत मार्क लेव्हिन यांच्या गटाने निरोगी तरुणांच्या पांढऱ्या पेशी दिवसाला 100 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वानेच तुडुंब भरतात, असे दाखवले.