रेषा कोणाच्या हाती? विस्कॉन्सिनच्या नकाशाची कथा

१/ नोव्हेंबर २०१८. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाने राज्यव्यापी सर्व लढती जिंकल्या. टोनी एव्हर्स गव्हर्नर झाले. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी निवडलेल्या विधानसभेत मात्र ९९ पैकी ६३ जागा रिपब्लिकन पक्षाकडे राहिल्या. हे कसे घडले?

२/ अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्यानुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. बहुतेक राज्यांत हा अधिकार विधिमंडळाकडेच असतो. ज्यांना निवडून यायचे आहे, तेच आपले मतदारसंघ ठरवतात.

३/ हा डाव जुना आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी अशाच एका कायद्यावर सही केली. एक मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला आणि ‘जेरीमँडर’ हा शब्द जन्मला. त्या वर्षी सिनेटच्या ४० पैकी २९ जागा गेरींच्या पक्षाला मिळाल्या. मते मात्र विरोधकांना अधिक होती.

४/ २०१० हे जनगणनेचे वर्ष. रिपब्लिकन पक्षाने ‘रेडमॅप’ या मोहिमेतून राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांवर लक्ष केंद्रित केले. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नरपद आणि दोन्ही सभागृहे डेमोक्रॅट्सकडे होती. एका निवडणुकीत तिन्ही गेली.

५/ २०११ मध्ये नवा नकाशा विधान भवनात नव्हे, तर एका खासगी वकिली कचेरीत आकारास आला. सत्ताधारी आमदारांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या करून तेथे आपापले मतदारसंघ पाहिले.

६/ तंत्र दुहेरी असते. विरोधी मतदार काही मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे. उरलेले अनेक मतदारसंघांत असे विखुरायचे की कोठेही बहुमत होऊ नये.

७/ २०१२ मध्ये ओबामांनी हे राज्य जिंकले, तरी विधानसभेच्या ६० जागा रिपब्लिकनांना मिळाल्या. डेमोक्रॅट मतदार मिल्वॉकी आणि मॅडिसन या शहरांत एकवटलेले आहेत, हेही याचे एक कारण. परंतु केवळ भूगोलाने एवढी तफावत स्पष्ट होत नाही.

८/ प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१८ मध्ये ते मूळ प्रश्नाचा निवाडा न होताच परत पाठवले गेले. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना व मेरीलँडच्या खटल्यांत न्यायालयाने सांगितले की पक्षीय सीमाआखणीचा निवाडा संघराज्याची न्यायालये करू शकत नाहीत. यातील मेरीलँडचा नकाशा डेमोक्रॅट्सनी आखलेला होता. हा मोह एका पक्षाची मक्तेदारी नाही.

९/ अखेर वाट राज्यातूनच निघाली. एप्रिल २०२३ च्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील बहुमत बदलले. डिसेंबरमध्ये नकाशे रद्द झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे लागू झाले. त्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी राज्य जिंकले आणि विधानसभेत रिपब्लिकन बहुमत टिकले, पण ५४ विरुद्ध ४५ असे.

१०/ भारतात हे काम परिसीमन आयोगाकडे असते आणि त्याच्या आदेशांना न्यायालयात आव्हान देण्यास राज्यघटनेने मर्यादा घातली आहे. व्यवस्था वेगळी, प्रश्न तोच: मतदार प्रतिनिधी निवडतात, की प्रतिनिधी मतदार? विस्कॉन्सिनमध्ये २०१० च्या एका दिवसाच्या मतदानाचे उत्तर पुढची तेरा वर्षे टिकले.